बारूद नको, बाटली घ्या : घरच्यांनी मिळून रॉकेट उडवायची सुरुवात अशी करा

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. तो दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. त्यामुळे दर ऑगस्टमध्ये वर्गात तोच प्रश्न नव्याने येतो, "सर, आपल्याला रॉकेट बनवता येईल का?" मराठी माध्यमातली मुलं विचारतात, उर्दू माध्यमातली विचारतात, मुलीही तेवढ्याच हौसेने विचारतात.

उत्तर "हो" असंच आहे. पण घरातल्या मोठ्यांनी ते दिलं नाही, तर मोबाईल देतो. फटाक्यातली दारू काढून पाइपात भरायची, अमुक रसायन तमुक पदार्थात मिसळून इंधन तयार करायचं, असे व्हिडिओ दोन मिनिटांत सापडतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला त्यातला धोका दिसत नाही, धूर आणि आवाज दिसतो. म्हणून हा लेख अम्मी-अब्बूंसाठी आहे. मुलाचा शौक मारायचा नाही आणि त्याची बोटं, डोळे, भविष्य यांपैकी काहीही पणाला लावायचं नाही, याचा रस्ता यात आहे. खर्च थोडा आहे, आणि बारूदची एक चिमूटही लागत नाही.

"मॉडेल रॉकेट" आपल्या दुकानात का मिळत नाही?

अमेरिकेत मॉडेल रॉकेट्री हा कुटुंबाने मिळून करायचा जुना छंद आहे. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, आत कारखान्यात तयार झालेलं बोटाएवढं इंजिन, खाली येताना उघडणारी छोटी छत्री. पेटवायचं तेही काडीने नाही. लांब उभं राहून बॅटरीच्या वायरने.

या छंदाचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे. नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाच्या गावात ऑर्व्हिल कार्लाइल यांचं चपला-बुटांचं दुकान होतं. त्यांना शोभेच्या दारूकामाची माहिती होती, भाऊ रॉबर्ट यांना मॉडेल विमानांचा नाद होता. १९५४ साली दोघांनी मिळून छोटं, सुरक्षित रॉकेट तयार केलं. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेतली शाळकरी मुलं गॅरेजमध्ये स्वतःच इंधन कालवायला लागली. त्यात मुलं जखमी होऊ लागली. जी. हॅरी स्टाइन हे रॉकेट क्षेत्रात काम करणारे लेखक. घरगुती इंधनाच्या धोक्याबद्दल त्यांनी लिहिलेला लेख कार्लाइल यांनी वाचला आणि आपली रॉकेटं त्यांना पाठवून दिली. तिथून हा छंद देशभर पसरला. म्हणजे मुलांच्या हातून बारूद काढून घ्यायची, हेच या छंदाचं मूळ.

आपल्याकडे मात्र ती तयार इंजिनं खेळण्यासारखी विकत मिळत नाहीत. त्यांच्यात बारूद असते, म्हणून ती स्फोटकांच्या कायद्यात येतात. १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ चे नियम यांच्याखाली परवाना लागतो. हे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, म्हणजे पेसोचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. घरात स्वतः मिश्रण करणं तर त्याहून गंभीर. १९०८ च्या स्फोटक पदार्थ कायद्यात त्यासाठी कडक शिक्षा आहे. "मुलगा प्रोजेक्ट करत होता" हे पोलिस ठाण्यात बसून समजावण्याची वेळ कोणत्याच घरावर येऊ नये. आपल्या घरांवर तर नकोच नको. हे स्पष्ट बोललेलं बरं.

आपला परिसर आयुध निर्माणीचा आहे. भुसावळला एक, वरणगावला एक. तिथे नोकरी केलेले चाचा-मामा बऱ्याच घरांत आहेत. दारूगोळ्याच्या कारखान्यात आत जाताना साधी काडेपेटी नेता येते का, हे मुलांना त्यांनाच विचारू द्या. जिथे शिकलेली माणसं, पक्के नियम आणि जाड भिंती आहेत तिथे एवढी काळजी घेतात, तर आपल्या गच्चीवर किती घ्यावी लागेल? शब-ए-बरातला फटाके उडवू नका, असं उलमा सांगतात. त्यामागे पैशांच्या उधळपट्टीइतकंच जिवाचंही कारण आहे.

रॉकेट चालतं कशावर?

फुगा फुगवून तोंड न बांधता सोडा. हवा मागे जाते, फुगा पुढे जातो. नववीच्या पुस्तकात पहिलाच धडा "गतीचे नियम" आहे. त्यातला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. रॉकेट स्वतःच्या पोटातलं काहीतरी मागे जोरात फेकतं, म्हणून स्वतः पुढे जातं. श्रीहरिकोट्याच्या रॉकेटमधून गरम वायू बाहेर पडतो, आपल्या बाटलीतून पाणी. नियम एकच.

फुगा मात्र वेडावाकडा फिरतो. रॉकेट सरळ जायला दोन गोष्टी लागतात, आणि त्या समजायला आपल्या देशाच्या इतिहासातलं उदाहरण फार उपयोगी आहे. अठराव्या शतकात हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या मैसूरच्या फौजेत रॉकेटची वेगळी पथकं होती. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना या रॉकेटांचा तडाखा बसला. त्या काळी इतर ठिकाणची रॉकेटं कागदाच्या किंवा बांबूच्या नळीची असत. मैसूरकरांनी नळी लोखंडाची केली. मजबूत नळी आतला दाब जास्त सहन करते, म्हणून झेपही लांब जाते. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे नळीला बांधलेला लांब बांबू. त्या शेपटीमुळे रॉकेट दिशा धरून जाई. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ही रॉकेटं इंग्लंडला गेली आणि ती अभ्यासून विल्यम काँग्रीव्ह यांनी वुलिच इथे आपली रॉकेटं तयार केली.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम १९६३ मध्ये प्रशिक्षणासाठी अमेरिकेत नासाच्या वॉलॉप्स बेटावरच्या केंद्रात गेले. तिथल्या स्वागतकक्षात त्यांना एक चित्र दिसलं. चित्रात टिपूच्या फौजेची रॉकेटं होती. जी गोष्ट आपल्या देशात विसरली गेली तिचा मान परदेशात राखलेला पाहून त्यांना काय वाटलं, ते त्यांनी "अग्निपंख" मध्ये लिहिलं आहे. मुलांना ते पुस्तक जरूर द्या.

आपल्या बाटलीतही याच दोन गोष्टी पाहायच्या आहेत. दाब सहन करणारं अंग आणि दिशा धरणारी शेपूट.

तीन पायऱ्या, घाई नको

पहिली पायरी स्ट्रॉची. पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही जमते. कागदाची पट्टी पेन्सिलीवर गुंडाळून नळी करा, चिकटपट्टी लावा, एक टोक दुमडून बंद करा, दुसऱ्या टोकाला कागदाचे तीन पंख लावा. पेन्सिल काढून ही नळी स्ट्रॉवर बसवा आणि फुंका. मग पंख काढून तीच नळी पुन्हा फुंका. पंखांचं काम काय, ते सांगावं लागणार नाही, मुलं स्वतःच सांगतील. एकच अट, कुणाच्या तोंडाच्या दिशेने फुंकायचं नाही.

दुसरी पायरी पायाची. एक लिटरची रिकामी प्लास्टिक बाटली, सायकलच्या जुन्या ट्यूबचा मीटरभर तुकडा आणि अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा. ट्यूबचं एक टोक बाटलीच्या तोंडावर, दुसरं पाइपवर घट्ट बांधा. पाइप विटांच्या आधाराने उभा करा. त्यावर सैल बसेल अशी कागदाची नळी करून ठेवा आणि बाटलीवर पाय आपटा. रॉकेट घराच्या छपरावर सहज जातं. बाटली पुन्हा फुगवली की खेळ पुन्हा सुरू.

तिसरी पायरी पाण्याच्या रॉकेटची. ती मोठ्या माणसाशिवाय करायची नाही.

पाण्याचं रॉकेट असं बनवा

बाटली : कोल्ड्रिंकची दोन लिटरची. कोल्ड्रिंकमध्ये गॅस असतो, म्हणून ती बाटली दाब सहन करेल अशीच बनवलेली असते. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही. काचेची किंवा धातूची तर अजिबात नाही. बाटलीला भोक पाडू नका, गरम गोंद किंवा झटपट चिकटणारा गोंद लावू नका. त्याने प्लास्टिक कमजोर होतं. जे लावायचं ते चिकटपट्टीने.

पंख : जुन्या प्लास्टिक फाइलचे किंवा जाड पुठ्ठ्याचे, तीन किंवा चार, सगळे एकसारखे. बाटली उलटी, म्हणजे तोंड खाली करून उडते, म्हणून पंख तोंडाकडच्या बाजूला. ते तोंडापेक्षा थोडे खाली ठेवले तर रॉकेटला पायही मिळतात.

टोक : बाटलीच्या बुडावर थोडी मऊ खेळमाती आणि वरून स्पंज, चिकटपट्टीने गुंडाळून. वजन पुढे आलं की उड्डाण सरळ होतं. कडक किंवा टोकदार वस्तू लावायची नाही, कारण हे पुन्हा खाली येणार आहे.

तपासणी : रिकामं रॉकेट जिथे समतोल राहतं तिथे दोरी बांधा आणि मोकळ्या जागेत डोक्याभोवती गोल फिरवा. टोक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं-तिडवं झालं तर टोकाला आणखी माती किंवा मागे मोठे पंख हवेत.

बूच : प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात रबरी बूच मिळतं. बाटलीच्या तोंडाचं आतलं माप साधारण २१ ते २२ मिलिमीटर असतं, दुकानात बाटली सोबत नेलेली बरी. बुचातून फुटबॉलमध्ये हवा भरायची पिन आरपार घाला. पिनेचं टोक आतल्या बाजूने बाहेर दिसलं पाहिजे, बूच लांब असेल तर कापून आखूड करा. हे काम मोठ्यांनी करायचं.

पंप : दाबाचा काटा असलेला, सायकलचा पायपंप. सगळ्यात मोठा खर्च हाच, पण घरात गाडी-सायकल असेल तर तो तसाही उपयोगी पडतो. पंपाची नळी फार आखूड असते. गॅरेजवाल्याकडून चार-पाच मीटर हवेचा पाइप क्लिप लावून जोडून घ्या. रॉकेटजवळ बसून हवा भरायची नाही.

उडवताना

बाटलीत पाव ते एक तृतीयांश पाणी, म्हणजे ५०० ते ६५० मिली. बूच घट्ट दाबा, रॉकेट उलटं करून पंखांवर किंवा तीन विटांमध्ये सरळ उभं करा. सगळे लांब. मोठ्याने उलटे आकडे मोजा आणि हवा भरा. दाब पुरेसा वाढला की बूच आपोआप सुटतं, पाणी खाली आणि रॉकेट वर.

पाणीच का? फक्त हवा भरूनही बाटली उडते, पण थोडीशीच. हवा हलकी, ती मागे फेकून धक्का कमी मिळतो. पाणी जड आहे. दाबलेली हवा ते पाणी जोरात बाहेर ढकलते आणि धक्का मोठा मिळतो. पण पाणी फार भरलं तर रॉकेट जड होतं आणि हवेला जागा उरत नाही. मधलं माप कुठलं, ते मुलांनाच शोधू द्या.

आता नियम. हे कागदावर लिहून सोबत ठेवा :

१. काटा ४० पीएसआयच्या पुढे न्यायचा नाही. मोटारसायकलच्या चाकात साधारण २५ ते ३५ असतो, त्यावरून अंदाज येईल. ४० ला बूच सुटलं नाही तर थांबा, पंपाकडचं टोक मोकळं करा. आधी पाणी, मग हवा परत येईल. हवा पूर्ण निघेपर्यंत बाटलीजवळ जायचं नाही.

२. भरलेल्या बाटलीवर वाकून बघायचं नाही, कधीच नाही. हवा भरणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल हवा.

३. मुलं किमान आठ-दहा मीटर लांब, सगळ्यांची नजर वर.

४. बाटलीवर चरा, घडी किंवा पांढरट रेघ दिसली की ती बाटली बाद. दहा-पंधरा उड्डाणांनंतर तशीही बदला.

५. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बाटली तापते आणि मऊ पडते. म्हणून वेळ फजरनंतरची. ऊन नसतं, वाराही कमी असतो. नाही जमलं तर असरनंतर.

६. जागा मोकळं मैदान. भुसावळकरांसाठी हा नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे. रेल्वेलाइन, यार्ड, शेड यांच्या आसपास बिलकूल नाही. रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, आणि ओल्या बाटलीमागे धावणारं मूल तार बघत नाही. निर्माणीची हद्द, दीपनगरचं वीज केंद्र, विजेच्या लाइनी इथेही नाही. बाटली तारेत किंवा छपरावर अडकली तर ती गेली समजा, बाटली परत मिळते.

७. मैदान ज्यांचं आहे त्यांची परवानगी घ्या, शेजारच्यांना सांगा. शक्यतो शाळेचं मैदान घ्या, गुरुजींना बोलवा. सगळ्यांसमोर केलेल्या कामाबद्दल कुणाला शंका राहत नाही.

पाण्याचंही बोलू. दहा उड्डाणांना पाच-सहा लिटर पाणी लागतं. नळाला रोज पाणी येत नाही अशा घरांना हा इसराफ वाटू शकतो. झाडांच्या आळ्याजवळ उडवा किंवा कपडे धुतलेलं पाणी गाळून वापरा, रॉकेटला काही फरक पडत नाही.

किती उंच गेलं?

इथपर्यंत खेळ होता, आता इल्म सुरू होतं. कोनमापक घ्या, त्याच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडून खाली नट बांधा. रॉकेटपासून २० मीटर मोजून एका मुलीला उभं करा. रॉकेट सगळ्यात वर असताना तिने स्ट्रॉमधून पाहायचं आणि दोरा बोटाने धरून ठेवायचा. दोरा जो आकडा दाखवेल तो ९० मधून वजा करा, हा उन्नत कोन.

आता दहावीचं त्रिकोणमिती. उंची म्हणजे अंतर गुणिले त्या कोनाचा टॅन, अधिक डोळ्यांची जमिनीपासूनची उंची. टॅन ३० अंशाला ०.५८, ४५ ला १, ६० ला १.७३. कोन ४५ आला आणि डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर असले, तर उंची २० अधिक १.२, म्हणजे २१.२ मीटर. "टॅनचा उपयोग काय?" असं विचारणारं मूल त्यानंतर पुन्हा विचारत नाही.

एका वहीत रकाने आखा : तारीख, पाणी, बूच सुटताना काट्यावरचा आकडा, कोन, उंची, शेरा. बूच दरवेळी थोड्या वेगळ्या दाबाला सुटतं, म्हणून तो आकडा लिहिणं जरुरी आहे. २० पीएसआयची झेप आणि ३५ ची झेप शेजारी ठेवून पाण्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक मापाची तीन उड्डाणं करा, सरासरी काढा. आणि फसलेलं उड्डाणही लिहा. आकडा आवडला नाही म्हणून खोडायचा नाही. ही सवय लागली तर रॉकेटचा सगळा खर्च वसूल झाला.

कामं वाटून घ्या. अब्बू पंपावर, मोठी आपा कोन मोजायला, धाकटा उलटे आकडे म्हणायला, दादीजान वही सांभाळायला. सुरक्षेचा प्रमुख एकच असावा आणि तो "थांबा" म्हणाला की अब्बूंनीही थांबायचं. हे पद शक्यतो घरातल्या मुलीला द्या. आपल्याकडे मुली प्रयोगाच्या वेळी मागे उभ्या राहतात, ती जागा इथेच बदलता येते.

पुढे काय?

ही वही शाळेच्या आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडता येते. सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांना "इन्स्पायर-मानक" योजनेत स्वतःची कल्पना शाळेमार्फत पाठवता येते, निवड झाली तर मॉडेलसाठी १०,००० रुपये मिळतात. उदाहरणार्थ, बूच ठरलेल्या दाबालाच सुटेल अशी सोपी कळ मुलाने शोधली तर ती कल्पना झालीच. इस्रोचा "युविका" कार्यक्रम नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्याच्या निवडीत आठवीचे गुण तर पाहतातच, विज्ञान प्रदर्शनातला सहभागही धरतात आणि ग्रामीण शाळांना प्राधान्य असतं. ज्याला खऱ्या इंधनाचं रॉकेट उडवायचं आहे, त्याच्यासाठी कॉलेजात गेल्यावर रस्ता आहे. इन-स्पेस आणि अ‍ॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांच्या मॉडेल रॉकेट्रीच्या स्पर्धा विद्यार्थ्यांसाठी होतात. तिथे परवानगी, तज्ज्ञ आणि मैदान हे सगळं रीतसर असतं. तोवर बाटली पुरेशी आहे.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकायला अरविंद गुप्ता यांची वेबसाइट पाहा. पुण्याच्या आयुकात मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत आणि फुकट आहेत.

२१ नोव्हेंबर १९६३ ला केरळमधल्या थुंबा गावातून भारताच्या भूमीवरून पहिलं रॉकेट आकाशात गेलं. तिथलं कार्यालय एका चर्चच्या इमारतीत होतं, सामान सायकलवरून न्यायचे. रामेश्वरमच्या साध्या घरातले कलाम त्या चमूत होते. रॉकेटची जोडणी आणि सुरक्षा ही कामं त्यांच्याकडे होती. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण त्यांना सुरक्षा म्हणजे कंटाळवाणं काम वाटतं.

येत्या रविवारी फक्त स्ट्रॉ, कागद आणि चिकटपट्टी घेऊन बसा. पुढच्या रविवारी पायाचं रॉकेट. तोपर्यंत कोल्ड्रिंकची बाटली जपून ठेवा, बूच आणि पाइप शोधा, मैदानाची परवानगी मागा. तिसऱ्या रविवारी फजरनंतर, इन्शाअल्लाह, पहिलं पाण्याचं रॉकेट. वही न्यायला विसरू नका.